अकोल्याची लाईन

आमच्या सुपरवायझरांच्या शर्टाच्या खिशात कापूस असे. वऱ्हाडात कापसाचं काय अप्रूप! जिनिंगकडे जाणाऱ्या बैलबंड्यांतला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींनासुद्धा लटकलेला असतो. पण हा माणूस तो घरून निवडून आणायचा, बोटाच्या पेराएवढे बोळे वळायचा आणि भर ड्यूटीत ते टेलिफोनच्या बोर्डात घालायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस चळलेला आहे. पुढे त्यांची गोष्ट कळली, तेव्हा वाटलं, चळलेले असते तर बरं झालं असतं.

ज्यांनी ट्रंक कॉल कधी लावला नाही त्यांना आधी थोडं सांगायला हवं. साठच्या दशकात अमरावतीहून परगावी बोलायचं म्हणजे आमच्याकडे कॉल नोंदवून वाट पाहत बसायचं. माडीवरची एक लांबट, उकडणारी खोली. तिथे भिंतीसारखा उभा बोर्ड, बोर्डाला ओळीनं भोकं, आणि एकेक भोक म्हणजे एकेका गावाची तार. नागपूर, अकोला, अचलपूर, वरुड. आम्ही पोरी कानाला हेडफोन अडकवून बसायचो, कॉर्डचं टोक भोकात खुपसायचो आणि पलीकडचा ऑपरेटर "अकोला!" म्हणून ओरडला की गिऱ्हाइकाला जोडून द्यायचो. तारा उघड्या, खांबांवरून मैलोन्‌मैल गेलेल्या. वारा सुटला की एकमेकींना चिकटायच्या आणि पुन्हा सुटायच्या. चिकटल्या की लाईन जाई, सुटल्या की येई.

लाईन साफ मेली तर आमच्या साहेबांना, म्हणजे या सुपरवायझरांना, काही वाटत नसे. "मेली," एवढं म्हणायचे, लाईनमनला सायकलवर पिटाळायचे आणि अकोल्याचे कॉल नागपूरवरून फिरवून काढायला सांगायचे. लांबचा रस्ता, आवाज बारीक, पण काम होई. मात्र लाईन गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, असं सुरू झालं की त्यांच्या कपाळावर घाम येई. अशा लाईनीला ते येरझारी म्हणत. येरझारी दिसली की ते खुर्चीवरून उठायचे, खिशातून बोळा काढायचे आणि त्या गावाचं भोक कापसानं बंद करायचे. आता कुणी तिथे कॉर्ड घालायची नाही. लाईन परत आली तरी नाही. एका चहापासून दुसऱ्या चहापर्यंत ती न पडता उभी राहिली तरच बोळा निघे. मध्ये एकदा जरी पडली तरी तिचा उपास वाढे.

आम्हाला तो कापूस बघवत नसे. माझ्या शेजारी बसणारी विमल तर तिकडे पाठ करायची. मेलेल्या माणसाच्या नाकात घालतात तसं ते दिसायचं, आणि आम्ही त्याच्यासमोर बसून आख्खी ड्यूटी काढायची! एकदा नागपूरहून वरचे साहेब तपासणीला आले. त्यांनी चिमटीत धरून बोळा उपसला आणि विचारलं, "ये क्या है?" आमचे साहेब हात जोडून म्हणाले, "सुतक हाय, साहेब." वरच्या साहेबांनी बोळ्याकडे आणि मग यांच्याकडे पाहिलं. आणि बोळा टेबलावर ठेवून चहा मागवला.

लोक चिडायचे हे वेगळं सांगायला नको. राजापेठेतले एक वकील तर जिना चढून थेट बोर्डापाशी आले. खालच्या खोलीत त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की अकोल्याची लाईन लागली आहे.

"लाईन चालू असून तुम्ही देत नाही? हा काय प्रकार आहे?"

"चालू नाई, वकीलसाहेब. चालू असल्यासारखी दिसून रायली."

"मग दिसते तेवढ्यात बोलून घेतो ना मी!"

"अर्ध बोलान. उरलेलं अर्ध बोलाले दिवसभर अठीच बसान." साहेबांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली, पण लाईन दिली नाही.

मला तो माणूस सुरुवातीला अजिबात आवडत नसे. अंगानं वाळका, धोतराचा सोगा कोटाच्या खिशात, आणि तोंडाला सदा एकच प्रश्न. दर थोड्या वेळानं बोर्डावरच्या प्रत्येक गावाला हाक मारायची आणि "हाय का?" विचारायचं. पलीकडून "हाय" आलं की पुढचं गाव. काम असो नसो, कॉल असो नसो, हा जप चालूच. पहिल्या हाकेला ओ आली नाही तर ते थांबायचे, दुसरीला नाही आली तर उभे राहायचे, तिसरीला नाही आली तर लाईन मेली असं धरून कॉल दुसरीकडे वळवायचे. सगळी गावं त्यांच्यावर हसायची. वरुडचा ऑपरेटर मुद्दाम "नाही!" म्हणून ओरडायचा. यांच्या चेहऱ्यावर रेष हलत नसे. "नाही म्हन्ते म्हंजे हाय," असं पुटपुटून पुढे जायचे.

ही खोड घरीही होती. मी पुढे त्यांच्याकडे जाऊ लागले तेव्हा पाहिलं. ओसरीवर पेपर वाचता वाचता मान न उचलता विचारायचे, "हाय का वं?" आतून भांडी वाजवत त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "हावो." पुन्हा पान उलटायचे. पाहुण्यांना हसू यायचं. काकूंना मात्र मी त्यावर कधी चिडलेलं पाहिलं नाही. एकदा त्या परसात होत्या आणि ऐकू गेलं नाही, तर हा माणूस पेपर टाकून चपला न घालता परसात धावला होता.

एसटी वाटेत एकदा बंद पडून पुन्हा सुरू झाली की हे उतरून जायचे. "हे आता भरोशाची नाई," म्हणून बडनेऱ्याहून उन्हातान्हात पायी आल्याची गोष्ट सगळ्या ऑफिसला पाठ होती. सोयऱ्याधायऱ्यांतही तोच कायदा. भांडून गेलेला माणूस परत आला तर त्याला चहा मिळे, पण मनातलं बोलणं त्यानं चार खेपा घातल्यावरच.

त्यांच्या भीतीची पहिली झळ मला लागली ती शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा व्यापाऱ्यामुळे. त्याला अकोल्याच्या दलालाशी बोलायचं होतं. संत्रा उतरून पडलेला, गाडी सांगायची होती. अकोल्याच्या भोकात कापूस, म्हणून मी तो कॉल नागपूरला दिला आणि म्हटलं, तुमच्या लाईनीनं अकोला द्या. आता नेमकी त्याच वेळी आमची अकोल्याची लाईन क्षणभर वर आली होती. नागपूरच्या पोरीला कुणीतरी सांगितलं, अमरावती-अकोला सुरू झालं. तिला वाटलं, सरळ रस्ता असताना लांबचा कशाला? तिनं कॉल दुसऱ्या तारेवरून आम्हालाच परत दिला, तो विमलनं उचलला.

"अमरावती," विमल म्हणाली.

"अकोला द्या हो, किती वेळ!" मी म्हणाले.

माझ्या डाव्या कानात विमल नागपूरवरून फिरून बोलत होती आणि उजव्या कानाला तीच शेजारच्या खुर्चीवरून ऐकू येत होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसून हसून लोळायची वेळ आली. मध्येच तो व्यापारी ओरडत होता, "हॅलो अकोला! हॅलो! अरे कोन हाय तठी?"

साहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझ्या हातून कॉर्ड घेतली, स्वतः व्यापाऱ्याला सांगितलं, "भाऊ, आज अकोला नाई. मानूस पाठवा," आणि आमच्याकडे वळले.

"हासू नका वं पोरीहो. नागपूरले वाटते आपल्याकडं रस्ता हाय, आपल्याले वाटते नागपूरकडं हाय. रस्ता कोनाकडंच नाई. अन् तो मानूस मंधात फिरून रायला, अन् त्याले वाटते आपन अकोल्याच्या दारात उभे हावो."

त्या दिवशी घरी गेल्यावरही मला त्या व्यापाऱ्याचा आवाज ऐकू येत राहिला. आपण कुठेच पोचलेलो नाही आणि आपल्याला ते ठाऊकही नाही, या कल्पनेची मला आजही भीती वाटते.

मग संक्रांत आली. काकूंनी आम्हा ऑफिसातल्या पोरींना हळदीकुंकवाला बोलावलं. विमल लवकर निघाली, मी मागे राहिले. देवघरात एक लहान फ्रॉक घडी करून ठेवलेला दिसला. घरात मूल नव्हतं. काकूंनी माझी नजर पाहिली.

"आमच्या पोरीचा व्हय," त्या म्हणाल्या. "मी अचलपूरले माहेरी होती. पोरीचा गया सुजला, घटसर्प होता. भावानं ह्यायले फोन लावला. हे तवा साधे आपरेटर होते, तुमच्यावानी बोर्डावर. लाईन लागली, ताप आला म्हनून सांगतलं, अन् लाईन गेली. मंग आली, डाक्टरले बलावलं म्हने. पुन्हा गेली. पुन्हा आली, डाक्टर आले म्हने. असी दुपार गेली."

"मग साहेब निघाले नाहीत?"

"खिडकीच्या खाली अचलपूरकडं जानारी परतवाड्याची मोटर उभी असे तवा. एक गेली, दुसरी गेली. हे उठत, अन् लाईन येये. मंग हे बसत. काई नवीन समजन म्हनून." काकूंनी तिळगुळाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "लाईन मेली असती त हे पयल्या मोटरनं आले असते. सांजेले वारं पडलं, अन् लाईन असी साफ लागली का शेजारच्या खोलीतून बोलल्यावानी. माह्या भावाचं रडनं ह्यायनं सोताच्या कानानं आयकलं."

पोरगी दुपारभर बापाला बोलावत होती, एवढं सांगून काकू उठल्या आणि मला कुंकू लावलं. त्यानंतर साहेब बोळा वळताना दिसले की मी मान खाली घालायची.

आता माझं सांगते. माझी धाकटी बहीण शालू अकोल्याला दिलेली. आई नव्हती, भाऊ नाही, वडील थकलेले. शालू पहिलटकरीण होती. दिवस भरायला अजून अवकाश होता, म्हणून मी रजा पुढे टाकली होती. वैशाखातली दुपार, बाहेर अंगाची लाही करणारं वारं सुटलेलं. सकाळपासून अकोल्याची लाईन येरझारा घालत होती. साहेबांनी केव्हाच बोळा घातला होता. तेवढ्यात अकोल्याच्या भोकावरचं, पलीकडून हाक आली की पडणारं इवलंसं पत्र्याचं दार खटकन पडलं. अकोला आम्हाला बोलावत होतं. नियम नियमाच्या जागी, पण समोरून हाक आली तर ऐकावीच लागते. मी बोळा काढून कॉर्ड घातली.

अकोल्याच्या ऑपरेटरला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा आवाज घरच्यासारखा ओळखीचा. "ताई, तुम्हीच ना? तुमच्या बहिणीला दवाखान्यात..." आणि लाईन गेली.

मी हाका मारत राहिले. कानात नुसती खरखर. मग आवाज आला. "...घाबरू नका, पण जरा..." गेली. विमलनं तिचे कॉल बाजूला ठेवून माझा खांदा धरला. पुन्हा आली. "...तुमचे मेहुणे म्हणतात की डॉक्टर..." गेली.

"शालूला काय झालंय? मूल झालं का? हॅलो! हॅलो अकोला!"

साहेब माझ्या मागे कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला. केसांसकट ओढला, मी कळवळले.

"ऊठ."

"साहेब, एक मिनिट. आता येईल लाईन. काय झालंय ते तरी कळू द्या."

"काय झालं ते तठी जाऊन पाय."

"अहो, पण नुसती कळ येत असेल! कदाचित काहीच नसेल! आत्ता येईल, आत्ता आली होती!"

"येईन," ते म्हणाले. "अन् जाईन. पुन्हा येईन. पोरी, हे लाईन तुले उठू देनार नाई. ऊठ तू."

त्यांचा आवाज चिरका झाला होता. मी खरंच सांगते, मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. काकूंनी सांगितलेलं सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी त्या भोकासमोरून मला उठवत नव्हतं. पुढच्या वेळी तो ऑपरेटर पुरं वाक्य बोलेल, एवढी एकच आशा. तिनं मला खुर्चीला बांधून टाकलं होतं. त्यांनी दंडाला धरून मला उभं केलं. बाईमाणसाला हात लावणारा तो माणूस नव्हता. घरी जाऊन लुगडं बदलते म्हटलं तर तेही नाही. तसंच जिन्यावरून उतरवलं आणि फुफाट्यातून स्टँडवर आणलं. अकोल्याची एसटी हलत होती. हे गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. ड्रायव्हरनं आईवरून शिवी दिली, ती त्यांनी ऐकून घेतली आणि मला आत ढकललं.

खिडकीतून वाकून म्हणाले, "मुर्तिजापूरले गाडी थांबन. समोर पोस्ट दिसन. फोन करू म्हनसीन. उतरू नको. तुले माह्या गयाची आन हाय, उतरू नको."

बडनेरा सुटल्यावर टेलिफोनचे खांब रस्त्याला येऊन मिळाले आणि आमच्याबरोबर पळू लागले. ती माझीच लाईन होती. कित्येक वर्षं मी तिचं एक टोक धरून बसले होते, पण तिला अशी बाहेर कधी पाहिली नव्हती. काळ्या नांगरलेल्या रानावर वाऱ्याच्या झोतासरशी तारा झुलायच्या, जवळ यायच्या, चिकटायच्या. आता गेली, मी मनात म्हणायची. सुटायच्या. आता आली. आत्ता या क्षणी तो सांगत असेल, आणि मी गाडीत आहे! मध्येच वाटायचं, शालू बरी असेल आणि मी वेड्यासारखी निघाले आहे. मध्येच वाटायचं, संपलं सगळं, आणि या तारेतून ते केव्हाच पुढे गेलंय, मी मागून जाते आहे. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कावून वं बाई, तब्येत बरी नाई का?" मी खिडकीचा पडदा ओढून घेतला, पुन्हा बाजूला केला, पुन्हा ओढला.

मुर्तिजापूरला गाडी थांबली. समोर पोस्ट. दार उघडं, आत टेबलावर काळा फोन मला बसल्या जागेवरून दिसत होता. उतरावं, एकदाच विचारावं, गाडी काय चहापाण्याला थांबलीच आहे. मी अर्धी उठलेही होते. मग समोरच्या बाकाचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून घेतले. गाडी सुटेपर्यंत ते उघडले नाहीत. तेवढी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही, माझ्या स्वतःच्या बाळंतपणातसुद्धा नाही.

अकोल्याला स्टँडवर मेहुणे टांगा घेऊन उभे होते. मला कळेना, यांना कुणी सांगितलं मी या गाडीनं येते आहे? विचारायला सवड नव्हती. शालूला मुलगी झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. मेहुण्यांचं जुळलं नव्हतं, वडिलांचं घेण्यासारखं नव्हतं. माझं जुळलं. मला शेजारच्याच खाटेवर झोपवलं. शालूचा चेहरा पिठासारखा झाला होता. डॉक्टर नर्सला म्हणाले, "बहीण निघाली आहे असं कळलं नसतं, तर मी हिला मोटारीत घालून नागपूरला धाडणार होतो." आणि मग हळू आवाजात म्हणाले, "वाटेतच गेली असती."

शालू धोक्याबाहेर आल्यावर मी अकोल्याच्या एक्स्चेंजमध्ये गेले. तो ऑपरेटर चष्म्याचा, टक्कल पडलेला निघाला. मी आभार मानू लागले तर तो म्हणाला, "माझे काय मानता? तुमच्या साहेबांचे माना. त्या दुपारी तुमच्या जागेवर तेच बसले होते."

"साहेब? येरझाऱ्या लाईनीवर? ते तर कुणाला कॉर्डसुद्धा लावू देत नाहीत."

"मलाही तेच नवल वाटलं. लाईन वर आली रे आली की ओरडायचे, 'निघाली!' बस, तेवढंच. मी विचारायचो कोण निघाली, तोवर लाईन खाली. पुन्हा वर आली की तेच, 'निघाली!' मी उलट 'निघाली' म्हटलं तेव्हा कुठे पुढचा शब्द दिला, 'बहीण.' तोही माझ्याकडून वदवून घेतला. मग 'एसटी.' एका वेळी एक शब्द, ताई, दुसरा नाही. मी सगळी हकीकत सांगू लागलो तर अंगावर आले, 'एक शब्द सांग!' मी म्हटलं, 'रक्त.' ते 'रक्त' म्हणाले आणि लाईन गेली. नंतर वर आली तेव्हा ते नुसते रडत होते, पण 'निघाली' म्हणायचं सोडलं नव्हतं." तो चष्मा पुसू लागला. "मी तसतसा दवाखान्यात फोन करत गेलो."

शालूनं मला पुढे सांगितलं की नर्स दर थोड्या वेळानं येऊन तिच्या कानाशी म्हणायची, बहीण निघाली, एसटीत बसली. "मला इतकी झोप येत होती गं," शालू म्हणाली, "पण म्हटलं, तू येशील आणि मी झोपलेली असायची, बरं दिसत नाही."

अमरावतीला परतल्यावर मी पेढे घेऊन आधी साहेबांच्या घरी गेले. फाटकाचा आवाज झाला तसे ते ओसरीवरून उठले, माझ्याकडे एकदा पाहिलं, आत गेले आणि आतून कडी लावली.

काकू बाहेर आल्या. "तू गेली तवापासून असंच हाय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "अकोल्याची लाईन दुसऱ्याच दिवसी सुधरली. फोन करा म्हनलं, इचारा. त म्हन्तेत, इचारलं त सांगतीन." त्यांनाही विचारायचा धीर होत नव्हता. माझ्या हातातल्या पुड्याकडे त्या बघत होत्या, पण तो पुडा कशाचा हे त्यांनी विचारलं नाही.

मी दाराशी गेले. "साहेब, वाचली ती."

आतून आवाज आला, "पुन्हा सांग."

"वाचली, साहेब. चांगली आहे. जेवायला लागली."

"पुन्हा सांग."

"वाचली."

"पुन्हा."

मी सांगत राहिले. पहिल्यांदा मला वाटलं, हा ड्यूटीवरचा हेका आहे. नंतर त्यांचा आवाज बदलत गेला, लहान होत गेला. काकूंनी पदर तोंडाशी नेला होता. त्यांना माझ्या आधी कळलं होतं. दाराआडचा माणूस अकोल्याची बातमी ऐकतच नव्हता, तो अचलपूरची ऐकत होता.

काकूंनी मला हातानं बाजूला केलं, दाराला तोंड लावलं आणि माझ्या जागी त्याच सांगू लागल्या, "वाचली जी. पोरगी वाचली."